तुलना कशी करावी ?

दूध प्याल्यानें मुलें वाढतात, हें आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु तें सिद्ध कसें करावें ? कांहीं मुलांस दूध द्यावें, कांहींस देऊं नये, आणि चार महिन्यांनीं दोहोंचीं वजनें ताडून पाहावीं, असें कोणीही सांगेल. ही रीत वरवर निर्दोष दिसते. परंतु तींत एक खोंच आहे. ती न ओळखल्यानें एक प्रचंड प्रयोग कसा फसला, हें वाचकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १९३० च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, स्कॉटलंडांतील लॅनार्कशायर परगण्यांत, ६७ शाळांतील सुमारें २०,००० मुलांवर हा प्रयोग झाला. त्यांपैकीं १०,००० मुलांस रोज पाऊण पाइंट दूध मिळे. निम्म्यांस कच्चें व निम्म्यांस तापवून निर्जंतुक केलेलें. उरलेल्या १०,००० मुलांस कांहींच मिळत नसे. आरंभीं व अखेरीस सर्वांचें वजन व उंची मोजण्यांत आली.

मुलें निवडण्याचें काम शाळांकडे होतें. कोठें चिठ्ठ्या टाकल्या, कोठें नांवांचा अकारविल्हे क्रम घेतला. परंतु एका बाजूस धष्टपुष्ट किंवा कृश मुलें फार आलीं असें वाटल्यास अदलाबदल करण्याची मुभा होती. येथेंच घात झाला ! दूध न मिळालेलीं मुलें आरंभींच वजनानें सुमारें ३ महिन्यांच्या व उंचीनें सुमारें ४ महिन्यांच्या वाढीइतकीं पुढें होतीं.

हा दोष १९३१ सालीं ‘स्टूडंट’ म्हणजे ‘विद्यार्थी’ या टोपणनांवानें लिहिणाऱ्या विल्यम गॉसेट यांनीं उघड केला. डब्लिन येथील गिनेस यांच्या बीअरच्या कारखान्याशीं संबंध असलेले हे गृहस्थ संख्याशास्त्रांत निष्णात होते. त्यांचा तर्क असा कीं, गरीब व रोडक्या मुलांस दूध मिळावें या दयेनें शिक्षकांचा हात नकळत तिकडे वळला असावा. शिवाय मुलांचें वजन कपड्यांसह घेतलें होतें. फेब्रुवारींत संपन्न घरच्या मुलांच्या अंगावर जाड लोकरीचे कपडे, तर जूनमध्यें हलके. गरिबाच्या मुलास मात्र दोन्ही ऋतूंत जवळजवळ सारखेच. मग वजनांतील फरक दुधाचा कीं कपड्यांचा, हें कोणीं सांगावें ? आणखी एक गोष्ट. एका शाळेंत एकाच प्रकारचें दूध दिलें जात असे; त्यामुळें दोन दुधांची तुलना करूं जातां प्रत्यक्षांत शाळांचीच तुलना होई.

मग उपाय कोणता ? प्रथम जोड्या लावाव्या. एकाच शाळेंतील, एकाच वयाचीं, सारख्या उंचीचीं व वजनाचीं दोन मुलें घ्यावीं, आणि त्यांतील दूध कोणास द्यावयाचें हें नाणें उडवून ठरवावें. समजा, एका सशक्त जोडींत दूध पिणारा ५ पौंड व त्याचा जोडीदार ४ पौंड वाढला. दुसऱ्या अशक्त जोडींत हेच आंकडे २ व १ आले. चारही आंकडे एकत्र पाहिल्यास घोंटाळा होतो. जोडीजोडीनें पाहिल्यास दोन्हीकडे फरक १ पौंडच, हें तत्काळ दिसतें. एकाच तोंडवळ्याच्या जुळ्या भावंडांच्या ५० जोड्या घेतल्या असत्या तरी अत्यल्प खर्चांत विश्वसनीय उत्तर मिळालें असतें, असें गॉसेट यांनीं दाखविलें. कोठें २०,००० आणि कोठें १०० !

शेतांतही हाच न्याय लागूं पडतो. इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रांत रोनाल्ड फिशर १९१९ सालीं रुजू झाले. शेताची एक बाजू कसदार, दुसरी निकस असावयाचीच. म्हणून शेताचे असे पट्टे पाडावे कीं, प्रत्येक पट्ट्यांतील माती शक्य तितकी सारखी असेल, आणि प्रत्येक पट्ट्यांत सर्व खतें चिठ्ठी टाकून वांटावीं, असें त्यांनीं शिकविलें. जोडी म्हणजे दोनच वाफ्यांचा पट्टा होय.

जो भेद आपणांस दिसतो तो जोडी लावून दूर करावा. जो दिसत नाहीं त्याचा निवाडा नाण्यावर सोंपवावा. दया हा मोठा गुण खरा. पण ती नाण्याच्या जागीं बसली म्हणजे ज्या मुलांचें हित साधावयाचें, त्यांच्याविषयींचें सत्यच झांकलें जातें. भुकेल्या मुलास दूध अवश्य द्यावें; मात्र तें प्रयोग म्हणून मोजूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.