पापणी उचलली, पण मनासारखी नाही

झुकलेल्या पापणीच्या शस्त्रक्रियेचा सारा हिशेब मिलिमीटरमध्ये चालतो. बाहुलीच्या मध्यापासून वरच्या पापणीची कड सामान्यतः ४ ते ५ मिलिमीटर अंतरावर असते. त्यात एका मिलिमीटरचे अंतर पडले, तरी गादीसमोर बसलेल्या ग्राहकाच्या ते लक्षात येते. म्हणूनच टाके निघाल्यावरही दोन डोळे सारखे दिसेनात, तर होणारी निराशा क्षुल्लक मानता येत नाही.

अंदाज चुकण्यास कारणे आहेत. भुलीच्या इंजेक्शनाने पापणी सुजते, त्यातील अ‍ॅड्रेनलिन तिला किंचित वर ओढते आणि आडव्या रुग्णाची पापणी उभ्या माणसासारखी बसत नाही. शिवाय दोन्ही पापण्यांना मेंदूची आज्ञा एकच जाते. झुकलेली पापणी दुरुस्त झाली की मेंदूचा जादा जोर ओसरतो आणि निरोगी वाटणारी दुसरी पापणी खाली येते. ‘चांगला डोळा बिघडवला’ अशी तक्रार तेव्हा होते. वास्तविक त्या डोळ्याचा दोष आजवर झाकलेला असतो.

सूज ओसरण्यास काही आठवडे लागतात. अंतिम स्थिती बहुधा तीन महिन्यांच्या सुमारास कळते. तोवर थांबावे, मात्र ठरलेली तपासणी चुकवू नये, कारण काही दुरुस्त्या पहिल्या दिवसांतच सोप्या असतात. तीव्र वेदना, मंदावलेली दृष्टी, पू किंवा वाढती सूज दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

पापणी अधिक उचलली गेली, तर डोळा पुरता मिटत नाही. सामायिकाच्या ४८ मिनिटांतही फट राहून डोळा कोरडा पडतो. त्यासाठी दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब व रात्री मलम देतात. थेंबांची चव घशात उतरते, म्हणून चौविहार पाळणारे अस्वस्थ होतात; थेंब घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा एक-दोन मिनिटे दाबून धरल्यास ते बरेचसे टळते.

आपल्याकडे डॉक्टर बहुधा नात्यातला नाहीतर ओळखीचा, त्यामुळे विचारण्याचा संकोच फार. तरीही शस्त्रक्रियेची लेखी नोंद मागून घ्यावी आणि जुनी छायाचित्रे घेऊन नेत्रसौष्ठव-शल्यतज्ज्ञाचे दुसरे मत घ्यावे. पापणी उचलणारा स्नायू जन्मतःच दुबळा असल्यास ती कपाळाच्या स्नायूला जोडतात. मग खाली पाहताना ती वरच राहते. ही त्या पद्धतीचीच मर्यादा होय.

पुन्हा शस्त्रक्रिया ठरलीच, तर धाग्याची चौकशी अवश्य करावी. कॅटगट जनावराच्या आतड्यापासून बनते आणि रेशीम कसे मिळते हे जैन घरात सांगावयास नको. नायलॉन वा पॉलिप्रोपिलीनचे धागे उपलब्ध असतात. पापणी सकाळी ठीक आणि सायंकाळी जड होत असेल, तर मायस्थेनिया या विकाराची तपासणी आधी करून घ्यावी, कारण तो औषधांनी आटोक्यात येऊ शकतो.