शिखर शिंगणापूरची कावड

कावड हे मूलतः खांद्यावरून पाणी वाहण्याचे साधन आहे. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, शिखर शिंगणापूर येथील शंभू महादेवाच्या चैत्र यात्रेत मात्र तिला पूजावस्तूचा मान मिळतो. शिव आणि शक्ती यांचे युगुल हे या यात्रेचे मुख्य सूत्र होय.

रचना
मजबूत दांड्याच्या दोन टोकांना जलपात्रे बांधून कावड तयार होते. लहान कावड एकटा माणूस वाहतो. मोठ्या कावडीस अनेक खांदेकरी लागतात. दोन्ही बाजूंचा भार समान नसेल, तर ती चालत नाही. एका बाजूचे पाणी सांडले तरी दुसरी बाजू झुकते. अशा प्रकारे तोल हेच या वस्तूचे मूलतत्त्व ठरते.

विधी
मंदिराच्या गाभाऱ्यात दोन लिंगे असून ती शिव आणि शक्ती यांची मानली जातात. चैत्र शुद्ध पंचमीस देवाला हळद लागते आणि अष्टमीस शिवपार्वतीचा विवाह होतो. या प्रसंगी शंभू महादेवाच्या शिखरापासून अमृतेश्वराच्या, म्हणजेच बळीच्या, शिखरापर्यंत लांब ध्वज बांधला जातो. द्वादशीस कावडी गडावर येतात. त्यांत सासवड परिसरातून कऱ्हेचे पाणी आणणारी भुतोजी तेली यांची कावड विशेष मानाची आहे. मुंगी घाटाच्या उभ्या चढणीवर भाविक एकमेकांचे हात धरून मानवी साखळी करतात व कावड वर चढवतात. येथे एकाचा पाय घसरला तर सर्वांनाच धोका असतो. म्हणून कावडीचा तोल ही सर्वांची जबाबदारी असते. वर आणलेल्या पाण्याने देवास अभिषेक होतो.

तुलना
चिनी ताओ परंपरेत यिन म्हणजे छाया, शीतलता व स्त्रीत्व, तर यांग म्हणजे प्रकाश, उष्णता व पुरुषत्व. त्यांच्या वर्तुळाकार चिन्हात काळ्या भागात पांढरा आणि पांढऱ्या भागात काळा ठिपका असतो. प्रत्येकात दुसऱ्याचे बीज आहे, असा त्याचा अर्थ. यिन व यांग या देवता नसून विश्वातील परस्परपूरक प्रवृत्ती आहेत. शिव आणि शक्ती मात्र उपास्य देवता असून त्यांचा विवाह दरवर्षी लावला जातो. अर्धनारीश्वराच्या मूर्तीत ही दोन्ही तत्त्वे एकाच देहात दिसतात. दोन्ही परंपरांत एक तत्त्व दुसऱ्यावाचून अपूर्ण मानले आहे.

माण तालुक्यातीलच म्हसवड येथे सिद्धनाथ व जोगेश्वरी यांच्या विवाहोत्सवातही देवदेवतांच्या युगुलाची ही परंपरा आढळते.