मुलाच्या दप्तरात आपले ओझे नको

जूनच्या आरंभी निपाणीपासून खानापुरापर्यंत कोणत्याही गावी सकाळी रस्त्याच्या कडेला उभे राहावे. पहिलीत नुकतीच गेलेली मुले आईचा हात सोडून शाळेकडे धावताना दिसतात. तीच मुले दिवाळीनंतर पाहावीत. कुणाच्या पोटात नेमके शाळेच्या वेळी दुखू लागते, कुणाची पेन्सिल सापडत नाही, कुणाचे डोके जड होते. शाळेची वेळ टळली, की दुखणेही पळते!

हे पाहून आपण म्हणतो, ‘याला अभ्यासाची गोडीच नाही.’ पालकहो, या वाक्याचा आपण शांतपणे विचार करावा, असे आम्हांस वाटते. मुंगी कुठे चालली, चांदोबा आपल्यामागून का येतो, असे विचारून ज्या मुलाने तिसऱ्या वर्षी सारे घर भंडावून सोडले, त्याची जिज्ञासा सातव्या वर्षी एकाएकी आटते कशी? गोडी नसते असे नाही. ती मारली जाते. आणि ती केवळ शाळेतच मारली जाते, असे म्हणून आपण हात झटकू नयेत.

पहिला दोष भीतीचा. शाळेत मुलास मारण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली आणि १ एप्रिल २०१० पासून तो कायदा लागू झाला. घरात मात्र आपलेच राज्य असते. ‘थांब, गुरुजींना सांगते,’ ‘शेजारच्या पोरीकडे बघ जरा,’ ‘मस्ती केलीस तर पाढे लिहायला बसवीन,’ ही वाक्ये आपल्या तोंडी सहज येतात. ज्या घरात पाढा ही शिक्षा असते, त्या घरातील मुलाला गणित आवडावे तरी कसे? तुरिन शहरातील निराधार मुलांसाठी एकोणिसाव्या शतकात आपले आयुष्य वेचणारे संत जॉन बोस्को यांचा आग्रह असे, की मुलांवर नुसते प्रेम असून भागत नाही. आपल्यावर प्रेम आहे, हे मुलांना उमगले पाहिजे.

दुसरा दोष आपल्या सीमाभागाचा आहे आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तो वाद अद्याप मिटलेला नाही. मुलाला प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, म्हणून त्याच वर्षी राज्यघटनेत ३५०-अ हे कलम घालण्यात आले. तेव्हा मराठी शाळेचा आग्रह धरणे सर्वथा रास्त आहे. लहान मुलाला घरच्या भाषेत जे चटकन समजते, ते परक्या भाषेत त्याला नुसते घोकावे लागते.

परंतु त्याच मुलाला कन्नडही शिकायचे असते. रात्री जेवताना बापाने त्या भाषेविषयी कडवट बोलावे आणि सकाळी मुलाने तेच पुस्तक आनंदाने उघडावे, हे घडणार कसे? मोठ्यांचा वाद मोठ्यांनी लढावा. तो मुलाच्या दप्तरात कोंबू नये. कन्नड घरांत मराठीविषयी असे बोलले जात असेल, तर तेथील मुलांचेही हेच नुकसान होते.

खरे पाहता या दोन भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारणी आहेत. आपला ‘अण्णा’ आणि आपली ‘अक्का’ कन्नड घरातही नांदतात. आपल्या तुपाला तेथे ‘तुप्प’ म्हणतात. विटीदांडू खेळताना आपले आजोबा ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे मोजत. ते आकडे दक्षिणेकडील भाषांतूनच आलेले. कन्नडातील ‘मूरु’ आणि ‘नाल्कु’ यांच्याशी ते मुलाला ताडून पाहू द्यावेत. जे ओझे वाटत होते, त्याचाच खेळ होतो.

तिसरा दोष घाईचा. सर्व मुलांनी एकाच दिवशी एकच धडा पुरा करावा, ही आपली अपेक्षा. या बाबतीत कर्नाटकातच एक चांगला प्रयोग झाला. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नलि-कलि’ या नावाने तो सुरू झाला. नलि म्हणजे आनंदित हो आणि कलि म्हणजे शीक. अभ्यासाचे लहान लहान टप्पे पाडून ते शिडीप्रमाणे मांडले जातात. मुले गटागटाने बसून चित्रांच्या पत्त्यांवरून शिकतात आणि प्रत्येक मूल आपल्या गतीने चढते. आठ दिवस गैरहजर राहिलेले मूल जेथे थांबले होते, त्याच पायरीवरून पुढे जाते. तंबाखूच्या वा उसाच्या हंगामात ज्यांची शाळा बुडते, त्या मुलांना या गोष्टीचे मोल किती आहे, हे आपल्याला सांगावयास नको.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे याहून मोठे धाडस केले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेने एक पाऊल मुलाकडे टाकावे, हा त्यातील धडा आहे.

असे एक पाऊल घरालाही टाकता येते. आमच्या माहितीच्या एका घरी आई विड्या वळते. तिला वाचता येत नाही. मुलीला ती तंबाखूजवळ बसू देत नाही, आणि ते योग्यच आहे. ते मुलांचे काम नव्हे. परंतु हिशेब मात्र ती मुलीकडून करून घेते. पंचवीस विड्यांचे एक बंडल, तर हजार विड्यांची किती? पोर बोटे मोडीत बसते आणि एकदम ओरडते, ‘चाळीस!’ मग आई म्हणते, ‘आज शाळेत काय कळले, ते मला शिकव.’ त्या पोरीच्या पोटात सकाळी कधी दुखत नाही.

या आईजवळ पैसा नाही, पदवी नाही. मुलीचे ऐकून घेण्याची दहा मिनिटे आहेत. तेवढी कोणत्या घरी नसतात? आज रात्री सर्व मिळून जेवायला बसाल, तेव्हा ‘किती मार्क पडले?’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘आज नवे काय पाहिलेस?’ असे विचारा. उत्तर अडखळत आले, तर थांबा. कन्नडात आले, तर त्याचेही कौतुक करा. चुकीचे आले, तरी हसू नका. मुलाला पुरते बोलू द्या.