अळंबीची जबानी

आपल्याकडे अळंबी म्हणजे पावसाळ्याची वस्तू. पाऊस स्थिरावला की वारुळाच्या आसपासची भुई फोडून ती वर येते आणि कोकणातल्या, गोव्यातल्या जाणत्या माणसांची पावले आपसूक तिकडे वळतात. न्यूयॉर्कमध्ये मात्र बर्फ वितळून जमिनीत ऊब शिरू लागली आणि एप्रिल-मे महिन्यांतील एखादी चांगली सर पडून गेली, की शहराच्या ऐन मध्यभागी, ८४३ एकरांवर पसरलेल्या सेंट्रल पार्कात, माना खाली घालून अत्यंत मंद गतीने चालणारी मंडळी दिसू लागतात.

तेथील कवकप्रेमींची संस्था १९६२ मध्ये पुन्हा उभी करणाऱ्यांत जॉन केज हे ख्यातनाम संगीतकार होते. नादाइतकेच मौनालाही संगीतात स्थान देणाऱ्या या मनुष्याने अळंबीच्या शोधात इतकी वर्षे घालवावी, हे मला फार सुसंगत वाटते. पुढे कवकांचे जाणकार गॅरी लिंकॉफ यांनी याच उद्यानात दीर्घकाळ अळंबी-शोधाच्या फेऱ्या नेल्या, आणि पायाखालच्या एवढ्याशा मुलखात चारशेहून अधिक जातींची नोंद झाली.

अशा फेरीत शिकण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे ओळख पटविण्याची शिस्त. अळंबी हे मातीत वा लाकडात पसरलेल्या तंतुजालाचे केवळ फळ. तिचा रंग पावसाने धुपतो, आकार वयाबरोबर पालटतो, म्हणून कोणत्याही एका लक्षणाच्या जबानीवर निकाल देता येत नाही. टोपीखाली पाकळ्या आहेत की छिद्रे, देठाच्या बुडाशी पिशवी आहे काय, ती मातीतून उगवली की लाकडातून, शेजारचे झाड कोणते, आणि टोपी रात्रभर कागदावर पालथी ठेवल्यास झडणाऱ्या बीजाणूंचा रंग कोणता, या साऱ्यांची खातरजमा झाल्यावाचून जाणता मार्गदर्शक नाव उच्चारीत नाही. विषारी अळंबीने चांदीचा चमचा काळा पडतो, किडीने खाल्लेली अळंबी माणसालाही चालते, हे समज तर प्राणघातक आहेत. ‘अमानिता फॅलॉइडिस’ ही विषारी अळंबी खाणाऱ्यास बहुधा सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक काळ, काहीच जाणवत नाही, आणि तेवढ्या अवधीत विष यकृतापर्यंत पोहोचलेले असते.

वसंतातला मानाचा पाहुणा म्हणजे मोरेल, आपल्या काश्मिरी गुच्चीचाच गोतावळा. मरणपंथाला लागलेल्या एल्म वृक्षांच्या बुंध्याशी तो उगवतो. उभा चिरला असता टोपीपासून देठापर्यंत आत पोकळी एकसंध असते. त्याच्यासारखा भासणारा ‘जायरोमित्रा’ मात्र आतून दुमडलेला, कप्प्याकप्प्यांचा असतो, आणि त्यातील विषाचे शरीरात जे रूपांतर होते ते द्रव्य अग्निबाणाच्या इंधनात वापरले जाते. खरा मोरेलही कच्चा खाऊ नये. २०२३ च्या वसंतात अमेरिकेतील मोंटाना राज्यात कच्चे वा अर्धे शिजलेले मोरेल खाऊन पन्नासावर माणसे आजारी पडली आणि दोघे दगावले. सेंट्रल पार्कात तर खाण्याचा प्रश्नच येऊ नये: उद्यानातील कोणतीही वनस्पती वा अळंबी तोडून नेण्यास नगराच्या कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच होय, कारण रिकाम्या हाताने चालणाऱ्याची नजर पिशवी भरण्यात गुंतत नाही.

एल्मच्या जुन्या खोडावर याच सुमारास मोठे, तपकिरी खवल्यांचे, खोगिरासारखे छत्र फुटते. ते न तोडता वाकून त्याला नाक लावावे, तर परक्या देशातल्या त्या लाकडी गाठीतून चक्क कलिंगडाच्या पांढऱ्या सालीचा वास येतो.