पालघर आणि राईनपाडा

१७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं आणि मुंबई-ठाण्याचे व्यवहार थांबले. या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीनं त्या ‘लाइक’ केल्या. पोलिसांनी दोघींनाही अटक केली. जामीन त्याच दिवशी झाला, पण तोवर त्या तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली होती.

दोघींवर लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ हे कलम होतं. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा त्रासदायक मजकूर पाठवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, असं ते सांगत होतं. आक्षेपार्ह म्हणजे नेमकं काय, हे कायद्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते ठाण्यावरच्या अंमलदारानं ठरवायचं. कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ ला न्यायमूर्ती चेलमेश्वर व न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठानं हे कलम घटनाबाह्य ठरवलं. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवणं पुढं अनेक वर्षं सुरूच होतं. २०२१ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयानं त्यावर आश्चर्य व्यक्त केलं.

मग सरकारनं यात हातच घालू नये का? त्याचं उत्तर धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आहे. १ जुलै २०१८ ला तिथं आठवडी बाजारात आलेल्या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव पसरली होती. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

पालघरमध्ये पोलिसांनी नको तिथं हात घातला; राईनपाड्यात अफवेला वेळेत कोणी अडवलंच नाही. सोशल मीडियाच्या नियमनाचा सगळा वाद या दोन गावांच्या मधे घुटमळतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं नवे नियम आणले. ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमणं बंधनकारक झालं. संदेशसेवांनी न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आल्यावर संदेश सर्वांत आधी कोणी पाठवला हे शोधून द्यावं, असंही कलम त्यात होतं. राईनपाड्याच्या पार्श्वभूमीवर ही मागणी रास्त वाटते. व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणणं असं, की एकाचा माग काढण्यासाठी सगळ्यांच्याच संदेशांचं कुलूप तोडावं लागेल. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

त्याहून मोठा बदल मात्र गाजावाजा न होता झाला आहे. पूर्वी लिहिणाऱ्याची गचांडी धरली जायची, आता कंपनीचा कान पिळला जातो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्याच कलम ६९-अ नुसार सरकार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी मजकूर बंद करू शकतं. २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅप बंद झाली ती याच कलमाखाली. या प्रक्रियेत निदान समिती आहे, कारणं नोंदवावी लागतात. पण ती कागदपत्रं गोपनीय असतात. दुसरी वाट कलम ७९ ची. लोक काय लिहितात याची जबाबदारी कंपनीवर नाही, असं संरक्षण हे कलम देतं. पण सरकारनं बेकायदा म्हणून कळवलेला मजकूर काढला नाही, तर ते संरक्षण जातं. अशा नोटिसांसाठी केंद्रानं ‘सहयोग’ पोर्टल काढलं. त्याविरुद्ध ‘एक्स’नं केलेली याचिका कर्नाटक उच्च न्यायालयानं २४ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. महिनाभरात नियम थोडा कडक झाला: अशी नोटीस आता किमान सहसचिव किंवा पोलीस उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानंच द्यायची.

नोटीस आली की कंपनी कशाला अंगावर घेईल? मजकूर काढला तर तिचं फारसं बिघडत नाही. ठेवला तर खटल्याची टांगती तलवार. मग सुक्याबरोबर ओलंही जळतं. ज्याची पोस्ट जाते त्याला बऱ्याचदा कारणही कळत नाही.

या रस्त्यावर एकदा ठाम अडसर घातला तो मुंबई उच्च न्यायालयानं. सरकारी कामकाजाविषयीचा मजकूर खोटा की खरा, हे सरकारचाच तथ्यतपासणी विभाग ठरवील, असा नियम एप्रिल २०२३ मध्ये आला. विनोदवीर कुणाल कामरा आणि एडिटर्स गिल्डनं त्याला आव्हान दिलं. न्यायमूर्ती गौतम पटेल व न्यायमूर्ती नीला गोखले यांच्यात मतभेद झाले. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये पटेलांच्या बाजूनं कौल दिला आणि नियम रद्द झाला. ‘बनावट, खोटं, दिशाभूल करणारं’ या शब्दांची व्याख्याच नाही, हे त्यातलं एक कारण. ६६-अ पडलं होतं तेही अशाच मोघम शब्दांमुळं.

सामान्य वापरकर्त्याच्या हाती काय उरतं? आपली पोस्ट काढली गेली, तर स्क्रीनशॉट आणि कंपनीचा निरोप जपून ठेवावा, तक्रार अधिकाऱ्याकडं लेखी दाद मागावी आणि त्याचा निर्णय पटला नाही, तर ३० दिवसांत ऑनलाइन अपील करावं. अपील ऐकणाऱ्या समित्या २०२३ पासून काम करत आहेत. त्यांचे सदस्य केंद्र सरकार नेमतं.