‘कार्ड गेले’ म्हटले, तरी आधी हे तपासा

वढू बुद्रुक ज्या शिरूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत वॉशिंग मशीन तयार होतात. आता कामगारांच्या घरांतही हप्त्यावर घेतलेले मशीन दिसते. ते बंद पडले की पुष्कळदा पहिले उत्तर मिळते, “कार्ड गेले!” नवे कार्ड म्हणजे काही हजारांचा खड्डा. म्हणून आम्ही सांगतो, आधी एवढे पाहा.

सॉकेटला दुसरे उपकरण लावून वीज येते का बघा. दार नीट लावा. पाणी भरत नसेल तर प्लग काढून, नळ बंद करून नळीच्या तोंडाची जाळी धुवा. बोअरच्या पाण्यातले क्षार व माती तेथे साचतात. दहा मिनिटांनी प्लग पुन्हा लावा. पडद्यावरचे आकडे लिहून ठेवा; त्यांचा अर्थ माहितीपुस्तिकेत असतो.

तरीही दिवा लागला नाही, तर कार्डाचा संशय घ्यावा. वीज जाऊन येताना दाब एकदम वाढला की कार्डावरचा फ्यूज किंवा व्हॅरिस्टर जळू शकतो. हे भाग स्वस्त असतात; जाणकार कारागीर ते बदलतो. कार्डावर राळेचा थर असेल तर मात्र दुरुस्ती अवघड. मोटार किंवा पाण्याचा व्हॉल्व्ह शॉर्ट असेल तर नवे कार्डही जळेल, म्हणून तेही मीटरने तपासून घ्या.

झाकण घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये सुमारे 300 व्होल्ट शिल्लक राहू शकतात.

कार्ड बदललेच तर जुने परत मागा, पक्के बिल घ्या. पैसा घामाचा आहे. विचारायला लाज कसली?