राउटरची गती मनगटावरच्या घड्याळाने मोजा

गडमुडशिंगीत काय किंवा कोल्हापुरात काय, वीज गेली की इन्व्हर्टरवर पंख्याबरोबर इंटरनेटचा राउटरही चालू राहतो. ही पेटी म्हणजे छोटा संगणकच. अनेक राउटरांत लिनक्स ही कार्यप्रणाली असते. त्यातल्या प्रोसेसरची गती उतरवली तर बॅटरी जास्त वेळ पुरेल काय?

प्रोसेसर स्पंदांच्या तालावर काम करतो. १,४०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १४० कोटी स्पंद. काही प्रोसेसरांत लिनक्सला ही वारंवारता बदलता येते (सर्वच राउटरांत ही सोय नसते). 'पॉवरसेव्ह' हा नियंत्रक ती किमान ठेवतो, 'परफॉर्मन्स' कमाल, तर 'ऑनडिमांड' कामाचा भार पाहून कमीजास्त करतो. चालू वारंवारता एका फाइलीत वाचता येते. परंतु फसगत होते ती इथेच! त्या फाइलीत बहुधा लिनक्सने मागितलेला आकडा असतो. प्रोसेसरने तो पाळला की नाही, हे त्यावरून कळत नाही.

मग पडताळा कसा घ्यावा? घरच्या जुन्या राउटरवर, शिक्षकांच्या मदतीने, एखादी बेरीज काही कोटी वेळा करायला लावा आणि वेळ मोजा. समजा, १,४०० मेगाहर्ट्झला २० सेकंद लागले, तर ७०० ला ४० लागले पाहिजेत. पुन्हा २० च लागले तर फाइलीतला आकडा खोटा. बेरीज छोटीच हवी. मोठी माहिती स्मृतीतून आणावी लागते आणि स्मृतीचा ताल निराळा असतो. आणि घड्याळ राउटरचे नको, मनगटावरचे घ्या. राउटरचे घड्याळ त्याच स्पंदांवर चालत असेल, तर तेही निम्म्या गतीने चालून ४० सेकंदांना २० च म्हणेल!

आता बॅटरीकडे वळू. प्रोसेसरमधील स्विचांच्या उघडझापीला लागणारी शक्ती ही वारंवारता आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात असते. नुसती वारंवारता निम्मी केली तर शक्ती निम्मी होते, पण तेच काम दुप्पट वेळ चालते, ऊर्जा तेवढीच. व्होल्टेजही १.२ वरून ०.९ वर आणले, तर मात्र त्याच कामाची ऊर्जा सुमारे ५६ टक्क्यांवर येते. म्हणून ज्या राउटरात व्होल्टेज स्थिर आहे, त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. काम नसताना लिनक्स प्रोसेसरला तसेही थांबवून ठेवतो, आणि वायफायचा प्रेषक आपला वाटा घेतच राहतो.

गती उतरवल्यावर माहिती वेळेवर पोचते ना, हेही पाहावे. माहिती पाकिटांतून जाते आणि प्रत्येक पाकिटाचा पत्ता वाचावा लागतो. १०० मेगाबिटची तार मोठ्या पाकिटांनी भरली तर सेकंदाला सुमारे ८,१०० पाकिटे होतात; लहानात लहान पाकिटांनी भरली तर सुमारे १,४८,८००. चाचणी लहान पाकिटांनीच घ्या. मोठ्या पाकिटांवर सुस्तावलेला राउटरही हुशार भासतो.